प्रवाळांची दाद आणि शाळेची नोंदवही

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा हे गाव आहे. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी ज्या मुलखात फिरले आणि ज्वारी-कापसाच्या शिवारात केळी, हळद व ऊस यांनी ज्या मुलखात ठाण मांडले, त्या मुलखातले हे गाव. येथून कोणत्याही दिशेस निघाले तरी समुद्र गाठण्यास चारशे किलोमीटरहून अधिक वाट तुडवावी लागते, आणि मंगळाच्या अंगठीत बसवावयाचे पोवळे किंवा वैद्याने मधातून चाटवावयाची प्रवाळपिष्टी यांपलीकडे प्रवाळ नावाच्या वस्तूशी येथल्या माणसाचा सहसा संबंध येत नाही. अशा गावातील शाळेत प्रवाळभित्तींच्या रक्षणाची गोष्ट काढली, तर एखादा व्यवहारी पालक सरळ विचारील, की मुलांना अपूर्णांकांची बेरीज अजून धड येत नसता समुद्राच्या तळाची चिंता त्यांच्या डोक्यावर कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मालवणच्या शाळेत प्रवाळाविषयी काय शिकवावे हे कोणासही सुचेल. डोंगरकड्याच्या शाळेत ते शिकवण्याचे प्रयोजन सांगता आले, तरच शाळा व निसर्गरक्षण यांच्या संबंधाविषयी आपण काही विचार केला आहे असे म्हणता येईल.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून घेणे इष्ट होय. प्रवाळभित्ती दिसते खडकासारखी, परंतु ती कोट्यवधी सूक्ष्म प्राण्यांनी समुद्रजलातून चुना घेऊन पिढ्यान्‌पिढ्या रचलेली वसाहत असते. या प्राण्यांच्या देहात एकपेशीय शैवाल वास करते. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते, त्यातील मोठा वाटा यजमानास देते, आणि यजमानाच्या अंगावरचे रंगही बहुतांशी त्याचेच असतात. पाण्याचे तापमान ऐन उन्हाळ्यातील नेहमीच्या मर्यादेपेक्षा एखाद्या अंशाने चढून काही आठवडे तसेच टिकले, की ही सोयरीक मोडते: शैवाल देहाबाहेर जाते, प्रवाळ पांढरे पडते (यासच विरंजन म्हणतात), आणि पाणी वेळेवर निवले नाही तर उपासमारीने मरते. समुद्रतळाचा एक टक्काही भाग या भित्तींनी व्यापलेला नाही. तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत त्यांच्या आश्रयाने जगतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबार ही भारतातील त्यांची मुख्य स्थाने. महाराष्ट्राचा वाटा लहान आहे, पण तो आहे: मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ वाढते, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर, भर समुद्रात, सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरांचे एक बुडालेले पठार आहे, त्यास कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात, आणि त्याच्या माथ्यावर वीस-पंचवीस मीटर खोलीवर प्रवाळांची वस्ती आहे. शिवचरित्रात सिंधुदुर्गाच्या बांधणीची हकीकत वाचणाऱ्या आमच्या मुलांना त्या तटाच्या पायथ्याशी काय जगते हे क्वचितच कोणी सांगते.

आता शाळा याबाबत काय करतात ते पाहावे. पर्यावरण हा विषय आमच्या शाळांना नवा नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच तो अभ्यासक्रमात सक्तीचा करण्याविषयी आदेश दिला. २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पथके शाळाशाळांतून स्थापन झाली. परिपत्रकांची आणि दिनविशेषांची तर गणतीच नाही. एवढे होऊनही पर्यावरण म्हणताच विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पाच जूनची प्रभातफेरी, घोषवाक्यांची स्पर्धा, मान्यवरांच्या हस्ते लावलेले आणि पुढच्या पाच जूनपर्यंत वाळून गेलेले रोप, आणि दहावीच्या वर्षी बाजारातून विकत आणून उतरवून काढलेली प्रकल्पवही. यात मुलांचा दोष नाही आणि शिक्षकांचाही फारसा नाही. वरून हुकूम सुटावा, खालून अहवाल जावा, आणि दोहोंच्या मध्ये कोणाच्याही ज्ञानात तिळमात्र भर पडू नये, हा सरकारी कामकाजाचा जुना शिरस्ताच येथे चालू राहिला आहे. प्रवाळांचा विषय या वाटेने शाळेत आला, तर त्याचेही रंगीत भित्तिपत्रक होईल, त्यावर निळा समुद्र आणि नारिंगी मासा रंगवला जाईल, आणि ते भित्तिपत्रक मुख्याध्यापकांच्या खोलीत तसबिरींशेजारी टांगले जाईल. त्यापेक्षा विषय न आलेला बरा.

याहून अधिक सावधपणे टाळावयाची चूक दुसरीच आहे, आणि ती उत्साही, सुबुद्ध शिक्षकाच्या हातून होण्याचा संभव असल्यामुळे तिचा विचार सविस्तर केला पाहिजे. मुलांना दूरच्या गोष्टीशी जोडावयाचे म्हणजे एक सोपी कथा सांगावयाची: तुझ्या ओढ्याचे पाणी नदीस मिळते, नदी समुद्रास मिळते, समुद्रात प्रवाळ आहे, म्हणून तू ओढ्यात टाकलेल्या पिशवीने प्रवाळ मरते. कथा गोड आहे, परंतु डोंगरकड्यापुरती ती खोटी आहे. हिंगोली जिल्ह्याचे सारे पाणी, मग ते कयाधू-पैनगंगेने जावो की आसनेने, अखेर गोदावरीचे होते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरास मिळते. त्या मुखाशी नदीने आणलेला गाळ आणि गोडे पाणी इतके असते, की प्रवाळांस तेथे भित्ती उभारता येत नाही. तेथे कोरिंगाचे कांदळवन आहे, आणि तेही तितकेच मोलाचे आहे, परंतु ते प्रवाळ नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताची गोष्ट वेगळी. तेथील उसाच्या मळ्यांतून वाहून जाणारे नत्र आणि माती थेट ग्रेट बॅरियर रीफच्या पाण्यात उतरते, म्हणून तेथे २००३ पासून सागरी उद्यानाच्या प्राधिकरणाने ‘रीफ गार्डियन’ शाळांची योजना चालवली आणि शेकडो शाळांतील मुलांना आपापल्या पाणलोटाचे राखणदार केले. त्या योजनेची नक्कल ऊस तेथेही आहे आणि येथेही आहे एवढ्याच साम्यावर डोंगरकड्यात करणे म्हणजे भूगोलाला रजा देऊन पर्यावरण शिकवणे होय. सत्कार्यासाठी सांगितलेले असत्य मुलास पुढे केव्हातरी कळतेच, आणि त्या दिवशी त्या कार्यावरचा त्याचा विश्वासही जातो.

मग डोंगरकड्याचा आणि प्रवाळांचा काही संबंधच नाही काय? आहे, आणि तो ओढ्याच्या वाटेने जाणाऱ्या संबंधापेक्षा पुष्कळ गंभीर आहे. फक्त तो हवेच्या आणि उष्णतेच्या वाटेने जातो. २०१५ साली पॅसिफिक महासागरात प्रबळ एल निनो, म्हणजे तेथील पृष्ठजल तापण्याचा फेरा, निर्माण झाला. त्या वर्षी मराठवाड्यावर पाऊस रुसला, आधीच्या वर्षीही तो अपुराच झाला होता, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आले. त्याच काळात, त्याच एल निनोच्या उष्णतेने, लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडत होते, आणि जगभर २०१४ ते २०१७ पर्यंत चाललेले विरंजन तोवरचे सर्वांत प्रदीर्घ ठरले. पुढे २०२३ साली एल निनो पुन्हा आला: भारताने १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट अनुभवला, मराठवाड्यातील सोयाबीन शेंगा भरण्याच्या दिवसांत करपले, आणि एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या सागर व हवामान संस्थेने चौथे जागतिक विरंजन जाहीर केले, पाठोपाठ मे महिन्यात केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधील प्रवाळांच्या व्यापक विरंजनाची वार्ता दिली. एल निनो हे मनुष्याचे कर्तृत्व नव्हे, तो निसर्गाचाच फेरा आहे, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे; परंतु ज्या समुद्रावर तो आता येतो तो समुद्र आपण आधीच तापवून ठेवलेला आहे, कारण हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर अडकून राहिलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रानेच पोटात घेतली आहे.

याची दुसरी बाजूही मराठवाड्यास ठाऊक आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० पासूनच्या साडेसहा दशकांत मध्य भारतावरील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि त्यामागे तापलेल्या अरबी समुद्राकडून येणाऱ्या बाष्पाचे चढउतार आहेत. एखाद्या विशिष्ट वर्षाच्या पुराचा दोष एकाच कारणावर ढकलणे शास्त्रास धरून होणार नाही. तथापि समुद्राची जी उष्णता प्रवाळाचा घास घेते, तीच उष्णता कधी पाऊस रोखून आणि कधी एका रात्रीत ओतून आमच्या शिवाराचा घास घेते, हे विधान करण्यास आज पुरेसा आधार आहे. डोंगरकड्याचा शेतकरी आणि लक्षद्वीपचे प्रवाळ हे एकाच खटल्यातील दोन फिर्यादी आहेत. मुलांच्या मनात प्रवाळांविषयी केवळ दया उत्पन्न करण्यापेक्षा हे नाते दाखवून देणे अधिक खरे आणि अधिक टिकाऊ होय, कारण दया दुसऱ्यावर केली जाते आणि फिर्याद स्वतःचीही असते.

परंतु फिर्याद म्हटली की पुरावा आला, आणि येथेच शाळेचे काम सुरू होते. अतिवृष्टीने पीक गेले तर तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी बांधावर येऊन पंचनामा करावा लागतो. पंचनाम्यात क्षेत्र चुकले तर भरपाई चुकते, आणि पंचनामाच झाला नाही तर डोळ्यांदेखत वाहून गेलेले शेत सरकारदरबारी वाहून गेलेले नसते. ज्याची नोंद नाही त्याची दाद नाही, हे सूत्र मराठवाड्यातील शेतकऱ्यास कोणी पुस्तकातून शिकवावे लागत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी या विभागातील जुनी दप्तरे उलगडली गेली, त्यांत शाळांच्या प्रवेशनोंदवह्याही होत्या. तीन-तीन पिढ्यांपूर्वी कोण्या गुरुजींनी टाकाने लिहिलेली एक ओळ आज केवढे वजन धारण करते, याचा प्रत्यय साऱ्या महाराष्ट्राने घेतला. प्रवाळांच्या वतीने मात्र बांधावर येणारा तलाठी नाही. त्यांच्या मृत्यूची जी काही नोंद आज जगाकडे आहे, ती काही थोड्या माणसांनी वर्षानुवर्षे त्याच त्या जागी पाण्यात उतरून, तीच ती मोजणी करून ठेवलेली आहे. लक्षद्वीपच्या भित्तींवर १९९८ च्या विरंजनापासून अशी मोजणी चालू आहे, म्हणूनच चोवीस वर्षांत तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन ३७ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर आले हे आज ठामपणे सांगता येते. पहिल्या वर्षीचा आकडा कोणी लिहून ठेवला नसता, तर शेवटच्या वर्षीच्या आकड्यास काहीच अर्थ उरला नसता.

माझे प्रतिपादन एवढेच आहे, की प्रवाळरक्षणात शाळांनी मुलांना सहभागी करून घ्यावयाचे म्हणजे त्यांना नोंद ठेवण्याची रीत आणि ती नोंद मांडण्याचा हक्क द्यावयाचा. याखेरीज जे जे केले जाते ते समारंभाच्या सदरात पडते. आणि नोंद ज्याची त्याने आपापल्या जागेची ठेवावयाची असते. समुद्र पाहिला नाही म्हणून प्रवाळांविषयी सत्य विचार करता येत नाही, असे मुळीच नाही. चार्ल्स डार्विन याने प्रवाळद्वीपांच्या उत्पत्तीचा जो सिद्धान्त १८४२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, तो त्याने खरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जमिनीच्या उत्थानाचे आणि झिजेचे निरीक्षण करीत असता मनाशी रचला होता, अशी त्याचीच कबुली आहे. जवळची जमीन ज्याने नीट वाचली, त्यास दूरचा समुद्रही काही अंशी वाचता येतो.

डोंगरकड्याच्या शाळेने या नोंदवहीत काय लिहावे? शाळेच्या आवारात एक साधा पर्जन्यमापक आणि एक कमाल-किमान तापमापक असावा, आणि रोज सकाळी त्याच वेळी दोन मुलांनी ते वाचून आकडे लिहावेत. अतिवृष्टीच्या मदतीचा निर्णय मंडळातील ज्या यंत्राच्या आकड्यावर होतो, त्या यंत्रापासून काही कोसांवरच्या शिवारात त्या दिवशी किती पाऊस पडला हे आज कोणीच लिहीत नाही. आसपासच्या वाड्या-गावांतील शाळा ते लिहू लागल्या, तर समुद्राचे तापणे आणि गावचे पर्जन्यमान यांचा संबंध मुलांना पुढे स्वतः जोडता येईल, आणि गावासही त्या वहीची गरज भासेल. दर महिन्यास गावातील चार ठरावीक विहिरींची पातळी दोरीने मोजावी. पहिल्या पावसानंतर ओढ्याचे पाणी काचेच्या बाटलीत भरून, गाळ खाली बसू देऊन, त्या गाळाची उंची पट्टीने मोजावी. हा गाळ प्रवाळांवर पडत नाही हे सांगूनच मोजावी, कारण तो आपल्याच शेताचा वरचा थर आहे आणि मन्नारच्या आखातासारख्या ठिकाणी असाच गाळ प्रवाळांचाही शत्रू ठरतो.

याहून नाजूक नोंद शेताची आहे. केळीला, हळदीला आणि उसाला एकरी किती गोण्या युरिया पडतो, हे मुलांनी आपल्याच घरी विचारून लिहावे. पिकाने न उचललेल्या नत्रापासून जमिनीत नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता कोंडण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट असते. म्हणजे गोणीतील जो भाग पिकाच्या कामी आला नाही, तो शेतकऱ्याच्या खिशातूनही गेला आणि समुद्राच्या तापातही मिळाला. उसाचे पाचट कोणत्या तारखेस कोणत्या गटात पेटवले आणि कोठे ते सरीत कुजवले, हळद शिजवताना किती लाकूड आणि किती पाचट जळाले, हेही लिहावे. येथे शिक्षकाने एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे: या नोंदीत कोणत्याही शेतकऱ्याचे नाव येऊ नये आणि कोणाची निंदा होऊ नये. मूल हे घरात ठेवलेले हेर होता कामा नये. वहीत गावचा हिशेब असावा, माणसांचे गुन्हे असू नयेत.

ही वही एकटी मात्र अपुरी राहील. तिला समुद्रकाठची जोडवही हवी. मालवणजवळचा समुद्र १३ एप्रिल १९८७ रोजी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पुढे २००१ पासून प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेली, म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रवाळ वाघाच्या पंक्तीस बसले. परंतु अभयारण्याचे फर्मान निघाले तेव्हा ज्यांचे पोट त्या पाण्यावर होते त्या मच्छीमारांस कोणी विश्वासात घेतले नाही, म्हणून त्यांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. आणि नकाशावरचे संरक्षण पुष्कळ अंशी नकाशावरच राहिले, तोवर पर्यटकांच्या होड्यांचे नांगर खडकांवर पडत राहिले. मालवण-तारकर्लीच्या एखाद्या शाळेने समुद्राच्या पाण्याचे तापमान ठरलेल्या जागी मोजावे, किनाऱ्यावर येणाऱ्या मासळीची आणि होड्यांची नोंद करावी, पाण्यात उतरणाऱ्या जाणत्या पाणबुड्यांकडून प्रवाळांचा रंग विचारून लिहावा. क्वीन्सलंड विद्यापीठाने २००२ पासून ‘कोरलवॉच’ या उपक्रमासाठी रंगछटांचा एक साधा तक्ता तयार केला आहे. प्रवाळाशेजारी तो धरला की त्याचा रंग किती उतरला हे शाळकरी मुलासही सांगता येते. दर तीन महिन्यांनी दोन्ही शाळांनी आपापल्या वह्यांची पाने एकमेकींस धाडावीत. हिवाळ्यात मराठवाड्यातील शाळांच्या सहली एस.टी.च्या गाड्यांनी कोकणात जातातच. त्या सहलीत डोंगरकड्याचे मूल किल्ल्याच्या होडीत बसले, तर नांगर कोठे टाकता हे नावाड्यास विचारण्याइतके त्यास कळत असेल, आणि बाजारात कोणी प्रवाळाचा तुकडा पुढे केला तर तो घेऊ नये हेही. तसेच मालवणच्या मुलास कळेल, की समुद्र तापला म्हणजे मासळीबरोबर कोणाची हळदही जाते.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा येईल आणि तो रास्त आहे. निवडणुका, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती यांच्या ओझ्याखाली दबलेल्या गुरुजींवर आणखी एक वही लादावयाची काय? लादावयाची असेल तर ती मरेल. ही वही गणित, भूगोल आणि विज्ञान यांच्या तासांतच भरली गेली पाहिजे. सरासरी, शेकडेवारी, आलेख आणि अपूर्णांक हे सगळे या आकड्यांतून शिकवता येते, आणि पावसाची सरासरी काढताना शिकलेली बेरीज फळ्यावरच्या काल्पनिक आंब्यांच्या बेरजेपेक्षा अधिक टिकते. आमच्याच राज्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, आदिवासी मुले गुरे राखण्यास जातात म्हणून शाळेत येत नाहीत हे पाहून, शाळाच कुरणात नेली आणि भोवतालच्या दगड, पाने, बियांतून अंकगणित शिकवले. त्या प्रयोगाचा मथितार्थ असा, की परिसर हा अभ्यासक्रमावरचा भार नसून अभ्यासक्रमाचे द्रव्यच असू शकतो. शिवाय वही कोणा एका तळमळीच्या शिक्षकाची असू नये. त्याची बदली झाली की अशी कामे संपतात, हा आमचा नित्याचा अनुभव. हजेरीपट आणि प्रवेशनोंदवही जशी शाळेच्या दप्तराची असते, तशीच ही वहीही दप्तराची असावी आणि कार्यभार देताना-घेताना तिची पोच व्हावी.

दुसरा आक्षेप नीतीचा आहे आणि तो अधिक खोल जातो. भारतीय मनुष्यामागे वर्षाकाठी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी याच्या दुपटीहून अधिक आहे आणि अमेरिकी मनुष्याची सुमारे सातपट. डोंगरकड्यातील शेतमजुराच्या मुलाचा वाटा तर या देशाच्या सरासरीपेक्षाही किती तरी कमी. ज्याने समुद्र तापवला नाही त्याच्या डोक्यावर प्रवाळांचे पाप घालणे हा अन्याय आहे, आणि मोठ्यांनी टाळलेली जबाबदारी लहानांच्या घोषवाक्यांवर सोपवणे हा भ्याडपणा आहे. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे; म्हणूनच मुलांनी दिवे मालवावेत, पिशव्या टाकू नयेत असल्या उपदेशांपाशी मी थांबत नाही. नोंदवही मुलास अपराधी ठरवीत नाही. ती त्यास साक्षीदार करते, आणि साक्षीदारास प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो. तो अधिकार कोठे बजावावयाचा याचीही सोय कायद्याने केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीस समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. राष्ट्रीय हरित अधिकरणाने मुदत घालून दिल्यावर त्यांतील पुष्कळ वह्या घाईघाईने, कोठल्या तरी संस्थेकडून लिहवून घेऊन, पुऱ्या करण्यात आल्या. गावची मुले दरसाल ज्या नोंदी ठेवतील त्या या सरकारी वहीत जोडल्या जाव्यात, आणि वर्षातून निदान एका ग्रामसभेत, पंधरा ऑगस्टच्या म्हणा, मुलांनी आपल्या आकड्यांचा गोषवारा वाचावा. आमच्या गावातला पाऊस असा बदलला, विहिरी अशा खाली गेल्या, एकरी युरिया असा वाढला. यावर पंचायतीचे काय म्हणणे आहे? या प्रश्नाचे उत्तर सरपंचांनी सभेच्या कार्यवृत्तात लिहिले पाहिजे.

तिसरा आक्षेप निराशेचा. हवामानविषयक आंतरसरकारी समितीने २०१८ च्या अहवालात असा अंदाज दिला आहे, की पृथ्वीचे सरासरी तापमान दीड अंशाने वाढल्यास उष्णकटिबंधातील प्रवाळभित्तींचा ७० ते ९० टक्के भाग नष्ट होईल आणि दोन अंशांनी वाढल्यास ९९ टक्क्यांहून अधिक. इतक्या मोठ्या विनाशापुढे एका गावच्या वहीची मातब्बरी ती काय? हा आकडा मुलांपासून लपवू नये. तसेच त्यातील दुसरा अर्थही लपवू नये, की दीड आणि दोन यांमधल्या अर्ध्या अंशात काही जगणे आणि जवळजवळ काहीच न जगणे यांचे अंतर सामावलेले आहे. त्या अर्ध्या अंशाचा निर्णय राजधान्यांतून, वीजकेंद्रांच्या परवान्यांतून आणि खत-अनुदानाच्या धोरणांतून व्हावयाचा आहे. तो निर्णय घेणाऱ्यांस निवडून देणारे लोक डोंगरकड्यासारख्याच गावांत राहतात. आणि आकडा वाचता येणारा मतदार आणि घोषणेवर विसंबणारा मतदार यांच्यात फार मोठा फरक असतो. सातत्याने ठेवलेली नोंद लोकांचे वर्तन बदलू शकते याचा दाखला आपल्या किनाऱ्यावरच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने २००२ पासून कासवांची घरटी शोधून, अंडी मोजून, किती पिल्ले समुद्रात गेली याचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला. जेथे एके काळी अंडी नेली जात, तेथे ग्रामस्थच घरट्यांचे राखणदार झाले. मोजदाद जसजशी लोकांच्या हाती आली, तसतशी त्यांना त्या जिवांची मालकी नव्हे, पण जामीनकी वाटू लागली.

म्हणून हिंगोलीच्या जिल्हा परिषदेने, आणि तिच्यामागून इतरांनी, एक साधा हुकूम काढावा असे मी सुचवितो. प्रत्येक शाळेत परिसराची एक कायम नोंदवही उघडावी. तीत कोणते रकाने असावेत हे त्या त्या शाळेने गावाशी बोलून ठरवावे. किनारी जिल्ह्यातील एका शाळेशी तिची जोडी लावून द्यावी. वहीचे वाचन ग्रामसभेत व्हावे आणि तिची प्रत पंचायतीच्या दप्तरी राहावी. त्यासाठी नव्या निधीची फारशी गरज नाही; दोन उपकरणे, एक जाड वही आणि रोजची दहा मिनिटे पुरेत. यासाठी भित्तिपत्रकांच्या आणि घोषवाक्यांच्या स्पर्धा बंद करण्यास माझी मुळीच हरकत नाही. दहा वर्षांनी त्या वहीत जे असेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळणार नाही, आणि जे नागरिक ती लिहून मोठे झाले असतील, त्यांना आपल्या ओढ्याविषयी किंवा परक्या समुद्राविषयी कोणासही बिनपुराव्याचे काही सांगता येणार नाही. प्रवाळांस आज अशाच नागरिकांची सर्वांत अधिक गरज आहे, आणि ते समुद्रकाठीच घडले पाहिजेत असा निसर्गाचा किंवा शिक्षणशास्त्राचा कोणताही नियम नाही.